दुसरी नळी

समजा, 1890 साल आहे. तुम्हाला महिनाभर मेळघाटात राहायचंय. बडनेऱ्यापर्यंत रेल्वे आहे. तिथून पुढे अमरावती, मग परतवाडा, मग घाट चढून चिखलदरा. त्याच्या पलीकडे सेमाडोह, कोलकास, ढाकणा, हरिसालकडची जंगलं. सामान बैलगाडीवर आणि माणसांच्या डोक्यावर. परतवाडा सोडलं की महिनाभर एकही बंदूक दुरुस्त करणारा कारागीर भेटणार नाही. बंदूक एकच नेता येईल. कोणती न्याल?

आज हा प्रश्न विचारला की सगळ्यांच्या डोक्यात आधी ताकद येते. सगळ्यात मोठी गोळी, सगळ्यात लांब पल्ला. त्या काळातल्या अनुभवी शिकाऱ्यांचं उत्तर वेगळं होतं. त्यांना अशी बंदूक हवी असायची, जी बिघडली तरी चालेल. 'बिघडणार नाही' आणि 'बिघडली तरी चालेल' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या कुणालाही हा फरक समजावून सांगावा लागत नाही. सर्व्हर पडणारच असतो. प्रश्न असतो तो पडल्यावर काय होतं, हा.

दुनळी बंदूक हे त्या प्रश्नाचं उत्तर होतं. तिच्याकडे एका दस्त्यावर बसवलेल्या दोन स्वतंत्र बंदुका म्हणून बघा. दोन नळ्या, दोन घोडे, दोन स्प्रिंगा, दोन फायरिंग पिना, दोन चाप. उजव्या बाजूची स्प्रिंग तुटली तर डाव्या बाजूला त्याची खबरही नसते. एका चापाची बंदूक दिसायला सुटसुटीत वाटते, पण त्या एका चापाच्या यंत्रणेत बिघाड झाला की दोन्ही नळ्या एकदम मुक्या होतात. म्हणून शहराबाहेर जाणाऱ्याने दोन चापांचीच घ्यावी, असा संकेत पुढे कित्येक वर्षं टिकला.

घाटावर आलेल्या बंदुका

चिखलदऱ्याच्या इतिहासात बंदूक पहिल्यांदा शिकारीसाठी आली नाही. 15 डिसेंबर 1803 रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने शेजारचा गाविलगड घेतला, तेव्हा सैनिकांच्या हातात चकमकीच्या बंदुका होत्या. गारगोटी पोलादावर आपटायची, ठिणगी उडायची, ती दारूत पडली तर बार. पावसाची सर आली की सगळं संपलं. पुढे 1823 मध्ये हैदराबादच्या फौजेतला कॅप्टन रॉबिन्सन या पठारावर आला आणि इंग्रजांच्या नकाशावर थंड हवेचं ठिकाण म्हणून चिखलदऱ्याची नोंद झाली, असं सांगतात. 1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेलं. 1860 च्या दशकात जंगलखातं आलं, नागपूरपर्यंत रेल्वे आली, आणि शिकारीला येणाऱ्या साहेबांची वर्दळ वाढली.

योगायोग असा, की बंदूकही याच पन्नास-साठ वर्षांत मुळापासून बदलली. 1807 मध्ये अलेक्झांडर फोर्सिथ नावाच्या एका स्कॉटिश पाद्र्याने ठोका बसला की पेटणाऱ्या रसायनाचं पेटंट घेतलं. त्यातून तांब्याची छोटी टोपी आली आणि गारगोटी गेली. पावसातला बार आता बऱ्यापैकी खात्रीचा झाला. तरी बंदूक ठासणीचीच होती. म्हणजे नळीच्या तोंडातून दारू, वर बोळा, मग गोळी, मग गजाने ठासायचं. आपल्याकडे हिला भरमार म्हणतात. वाघ समोर असताना हे सगळं उभ्याने करायचं. साहजिकच पहिला बार चुकला तर दुसरा भरायला वेळ नाही. दुसरा आधीच भरलेला हवा. दुनळी लोकप्रिय होण्याचं मूळ कारण हे.

याच काळातला वऱ्हाड-मध्य प्रांताच्या जंगलांचा मोठा माहीतगार म्हणजे कॅप्टन जेम्स फोर्सिथ. आडनाव पाद्र्याचंच, माणूस वेगळा. मेळघाटाला लागून असलेल्या निमाडात तो सेटलमेंट ऑफिसर होता. सातपुड्यावरचं त्याचं पुस्तक 1871 मध्ये आलं आणि त्याच वर्षी तो गेला. त्याआधी 1863 मध्ये त्याने शिकारी रायफलींवर एक स्वतंत्र पुस्तक लिहिलं होतं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की दाट जंगलात जनावर जवळून दिसतं आणि क्षणभर दिसतं, म्हणून लांब पल्ल्यापेक्षा जवळून जोरात बसणारी मोठी गोल गोळी बरी. लंडनच्या दुकानात बसून केलेला हा हिशेब नव्हता. सागाच्या आणि बांबूच्या जंगलात तीस पावलांपलीकडचं दिसत नाही, हे माहीत असलेल्या माणसाचा होता.

नंतरचे बदल भराभर आले. फ्रान्समध्ये लफोशोने मागून मोडणारी, काडतूस घालायची बंदूक केली होती. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ती इंग्रज कारागिरांनी पाहिली. 1860 च्या दशकात मध्यभागी टोपी असलेलं काडतूस रुळलं. 1875 मध्ये बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्समधल्या अॅन्सन आणि डीली या दोघांनी घोडे आत दडवले. बंदूक मोडली की घोडे आपोआप चढणार, अशी ती रचना होती. भाग मोजके, आकार चौकोनी डबीसारखा, म्हणून नाव बॉक्सलॉक. आज भारतातल्या घराघरांत परवान्यावर असलेल्या बहुतेक दुनळ्या याच कल्पनेच्या नातवंडं-पतवंडं आहेत.

बारा म्हणजे काय

'बारा बोअर' हा शब्द आपण सिनेमात हजारदा ऐकतो. त्याचा अर्थ साधा आहे. एक पौंड शिसं घ्या, त्याच्या बारा सारख्या गोळ्या करा. प्रत्येक सुमारे 38 ग्रॅमची. त्यातली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअरची नळी. व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर. आकडा जितका लहान तितकी नळी मोठी.

बाराच का टिकली? ती सर्वोत्तम होती म्हणून नव्हे, सर्वत्र होती म्हणून. घरापासून दूर गेलेल्या माणसाला काडतूस कुठेही मिळालं पाहिजे. कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉडाच्या दुकानात, मुंबईच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअरमध्ये, छावणीच्या गावात एखाद्या पारशी व्यापाऱ्याकडे. दुर्मीळ मापाची सुंदर बंदूक जंगलात काडतुसाअभावी काठी होते. शिवाय एकाच बाराच्या नळीतून तित्तरासाठी बारीक छर्रे, हरणासाठी मोठे छर्रे आणि रानडुकरासाठी अखंड गोळी असं सगळं जातं.

ही सोय आणखी ताणून 1885 मध्ये जॉर्ज फॉस्बेरीने एक नवी नळी काढली. हा वायव्य सरहद्दीवरच्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला अधिकारी. नळी जवळजवळ पूर्ण गुळगुळीत, फक्त तोंडापाशी काही इंच आटे. छर्रेही चालतील आणि शंभर यार्डांपर्यंत गोळीही सरळ जाईल. हॉलंड अँड हॉलंडने ती 'पॅराडॉक्स' नावाने विकली आणि हिंदुस्थानात ती खूप खपली. एकच बंदूक नेता येत असेल तर ही, असं म्हणणाऱ्यांचा एक मोठा वर्ग होता.

दुकानात काय बघायचे

पैसेवाल्यांसाठी लंडनच्या हाताने घडवलेल्या साइडलॉक बंदुका होत्या. बाकीच्यांसाठी बर्मिंगहॅम आणि बेल्जियमच्या लिएजचा स्वस्त माल. पण किंमत आणि भरवसा यांचा संबंध वाटतो तितका सरळ नव्हता. रिकामी काडतुसं आपोआप बाहेर फेकणारी इजेक्टरची सोय महाग बंदुकीत असायची. त्यासाठी आणखी स्प्रिंगा लागतात, आणि प्रत्येक स्प्रिंग म्हणजे तुटू शकणारी आणखी एक वस्तू. त्यामुळे दूर जाणारे कित्येक जण मुद्दाम साधी, काडतूस फक्त वर उचलणारी बंदूक घ्यायचे. बाहेर घोडे असलेली जुन्या वळणाची बंदूकही उशिरापर्यंत टिकली. घोडा चढलाय की उतरलाय हे अंधारातही अंगठ्याला कळतं. सोबत एक-दोन स्प्रिंगा आणि फायरिंग पिना वेगळ्या ठेवायच्या, ही शिस्त होतीच.

जुनी बंदूक घेताना करायच्या परीक्षा आजही त्याच आहेत. नळ्या सुट्या करून टांगायच्या आणि टिचकी मारायची. घंटेसारखा स्वच्छ नाद आला तर दोन नळ्यांमधला जोड शाबूत आहे. भसकट आवाज आला तर डाख सुटलाय. नळीतून उजेडाकडे बघायचं, आत गंजाचे खड्डे दिसतात का. बंदूक बंद करून हलवायची, खुळखुळते का. आणि बंद बंदूक उजेडासमोर आडवी धरायची. नळ्यांचा मागचा भाग आणि मागची पोलादी भिंत यांच्यात प्रकाशाची रेघ दिसली, तर ती बंदूक तिथेच ठेवून निघायचं. त्या फटीतून बाराचा वायू तुमच्या तोंडाकडे येणार असतो.

मग हवामान. कागदी काडतूस दमट हवेत फुगतं आणि नळीत जात नाही, म्हणून पितळी काडतुसांना मागणी असायची. उलट मे महिन्यात, जेव्हा पाणी मोजक्या डोहांत उरतं आणि जनावर तिथे हमखास येतं, तेव्हा उन्हात तापलेल्या काडतुसात दाब वाढतो. धूररहित दारू आल्यावर हा धोका इतका खरा होता, की हिंदुस्थान आणि आफ्रिकेसाठी रायफलींची काडतुसं मुद्दाम कमी दारूची भरली जात. बार झाल्यावर नळीत क्षार उरायचे आणि ते ओल धरून एका रात्रीत गंज आणायचे. उपाय होता चुलीवरचं उकळतं पाणी नळीत ओतायचं, कोरडं करायचं, तेलाचा बोळा फिरवायचा. दमून आल्यावर, रोज, झोपायच्या आधी.

तहसीलदाराची बंदूक

भरवसा नसलेली बंदूक म्हणजे काय, याची भारतातली सगळ्यात प्रसिद्ध गोष्ट मेळघाटातली नाही, कुमाऊंची आहे. 1907 साली चंपावतच्या नरभक्षक वाघिणीमागे जिम कॉर्बेट गेला. तिच्या नावावर 436 बळी होते. हाका घालायला जवळपास तीनशे गावकरी जमले. कॉर्बेटच्या रायफलीच्या गोळ्या संपल्या, जखमी वाघीण समोर उभी, तेव्हा त्याने धावत जाऊन तहसीलदाराची दुनळी घेतली. वाघिणीसमोर ती नेमासाठी उचलली तर नळ्या आणि मागची भिंत यांच्यात जवळजवळ एक सेंटिमीटरची फट. तरी तो थांबला नाही. वीसेक फुटांवरून तोंडावर नेम धरला आणि गोळी लागली पंजाला. वाघीण आधीच्या जखमांनी मरायला टेकली होती, म्हणून कॉर्बेट वाचला.

कॉर्बेटची मुलगा असतानाची पहिली बंदूकही दुनळी ठासणीचीच होती. तिची एक नळी फाटलेली आणि दस्ता पितळी तारेने बांधलेला. दुसऱ्या नळीवर त्याचं काम चालायचं. दुनळी ही एका दस्त्यावरच्या दोन बंदुका असतात, याचा याहून चांगला पुरावा नको.

पण चंपावतच्या गोष्टीतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटणारा तपशील वेगळाच आहे. हाक्याला माणसं यावीत म्हणून तहसीलदाराने सांगून ठेवलं होतं, की विनापरवाना बंदुका घेऊन या, मी बघितलं न बघितल्यासारखं करीन. वर दारूगोळाही देईन. म्हणजे वाघिणीच्या तावडीत राहणाऱ्या गावांकडे कायद्याने हत्यार नव्हतं.

भरवसा कुणासाठी

तो कायदा 1878 चा. हत्यार बाळगायला परवाना लागेल, पण युरोपीय माणसांना त्यातून सूट. ही उघड वंशभेदाची सूट विसाव्या शतकातच गेली. मेळघाटात याचा अर्थ असा होता: साहेबाकडे दोन नळ्या, दोन चाप, सुट्या स्प्रिंगा. आणि त्याच्यापुढे माग काढत चालणाऱ्या कोरकू माणसाकडे कुऱ्हाड. जंगल राखीव झाल्यावर त्याच्या स्वतःच्या शिकारीवर बंदी आली. साहेबाच्या शिकारीत मात्र त्याची गरज होती. वाघाला कोरकू भाषेत 'कुला' म्हणतात. कुला कुठे पाणी पितो, कुठल्या नाल्याने उतरतो, हे माहीत असलेला माणूस बिनहत्यारी पुढे आणि माहीत नसलेला हत्यारासह मागे, किंवा मचाणावर.

शिकाऱ्यांची एक आचारसंहिता होती: जखमी जनावर सोडून यायचं नाही, पायी माग काढून संपवायचं. ही आचारसंहिता खरीच होती, तिच्यापायी साहेबही मेले. पण बंदुकीने दगा दिला, नेम पोटात गेला, तर पहिली किंमत हाका घालत झुडपातून येणारे देत. मचाण बारा-पंधरा फूट उंच असतं. हाकेकरी जमिनीवर असतो. शिकारीच्या पुस्तकांत बंदुकीचा कारखाना, माप, दारूचं वजन सगळं लिहिलेलं असतं. जखमी वाघाखाली सापडलेल्या हाकेकऱ्याचं नाव पुष्कळदा नसतं.

म्हणून दुसरी नळी ही गोष्ट मला निव्वळ तांत्रिक वाटत नाही. यंत्र किती भरवशाचं असावं हे ते वापरणारा ठरवतो. बिघाडाचा फटका बहुतेक वेळा दुसऱ्यालाच बसतो. चांगला शिकारी आणि वाईट शिकारी यांतला फरक, फटका कुणाला बसेल याचा विचार बंदूक निवडताना केला होता का, इतकाच होता.

सोपं झालं तेव्हा

1947 नंतर आयात हळूहळू आटली आणि सरकारी कारखान्यांतल्या व मुंगेरच्या बारा बोअर दुनळ्या पसरल्या. साध्या, दणकट, परवडणाऱ्या. त्याच वेळी जीप आली, बॅटरीचा झोत आला. रात्री रस्त्याने जीप हाकायची, झोतात डोळे चमकले की बार. इथे ना माग काढायचा, ना पायी जायचं. जखमी जनावर अंधारात गेलं तर गेलं. यंत्र भरवशाचं झालं आणि माणसाची शिस्त सुटली.

परिणाम आकड्यांत दिसतो. 1970 मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली. 1972 च्या गणनेत देशभरात 1827 वाघ मोजले गेले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि 1974 मध्ये मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक झालं. काही प्राण्यांच्या शिकारीचे परवाने देण्याची तरतूद मात्र त्या कायद्यात शिल्लक होती, ती 1991 च्या दुरुस्तीने गेली. म्हणजे या देशातली हौशी शिकार कायद्याने पूर्ण संपली, ती माझ्या जन्माच्या थोडीच वर्षं आधी.

आज मेळघाटात वाघ मोजायला वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात. वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे वेगळे असतात, एका बाजूच्या फोटोवरून खात्री होत नाही. घरापासून दूर, जिथे दुरुस्तीला कुणी नाही, तिथे वस्तू जोडीने न्यावी, हे शहाणपण तेवढं राहिलं.

कपाटातली

हे सगळं मी वाचायला लागलो त्याला कारण आहे. परतवाड्याजवळच्या आमच्या घरात एक दुनळी आहे. आबाजींनी पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली. रोही आणि रानडुकरं तुरीत शिरली की ते हवेत बार काढायचे. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची, निकालानंतर आणायची. बाकी वर्षभर दर रविवारी वर्तमानपत्र अंथरून तिला तेलपाणी. "बंदुकीले हात लावत राहा लागते, नाही तं ते आपली राहत नाही," असं म्हणायचे.

आबाजी गेले. परवाना माणसाबरोबर संपतो. वारसाने स्वतःच्या नावावर अर्ज करायचा, नाहीतर बंदूक परवानाधारक विक्रेत्याला द्यायची किंवा पोलिसांत जमा करायची. बाबांचा पुण्याला फोन आला, "तुह्या नावावर करू का?" 2019 च्या दुरुस्तीनंतर परवाना तीनऐवजी पाच वर्षं चालतो. कागदोपत्री अवघड काही नाही. बाबांना ती जाऊ द्यायची नाहीये, हेही आवाजात कळत होतं.

मी दोन आठवडे विचार केला आणि नाही म्हणालो. मला बंदुकांचा तिटकारा नाही. उलट ती यंत्रणा मला फार आवडते. उजेडासमोर धरली तर आजही तिच्यात फट दिसत नाही. पण मी घरी वर्षातून दोनदा येतो. रविवारचं वर्तमानपत्र कोण अंथरणार? न हाताळलेली, न पुसलेली, आठवण म्हणून कपाटात ठेवलेली दुनळी दहा वर्षांत तहसीलदाराची बंदूक होते. आणि एखाद्या रात्री, तुरीत डुकरं शिरली म्हणून, घाईत ती उचलणारा मी नसेन. बाबा असतील, किंवा आमच्या शेतात राखणीला असणारा कोरकू दादा असेल.

बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "देऊन टाकतो. पण आधी तेल लावून देतो."